लसीची अट, मास्क की खेळती हवा? साथीच्या काळात मोठ्या मेळाव्याचे नियम कसे ठरवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्वासातून पसरणाऱ्या आजाराची साथ चालू असताना ३०० जणांचा मेळावा बंद सभागृहात घ्यायचा आहे. आयोजन समितीतले काही जण म्हणतात, लसीचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कोणाला आत सोडू नका. बाकीचे म्हणतात, लस घेतलेल्यांनाही लागण होतेच, मग ही सक्ती कशासाठी? चर्चा भांडणावर आली आहे. नियम काय ठेवावेत?

भांडण मिटत नाही, कारण दोन्ही बाजू दोन वेगळ्या प्रश्नांबद्दल बोलत आहेत. लस घेतल्याने त्या माणसाचा जीव वाचतो का, हा पहिला प्रश्न. त्याच्या शेजारी बसलेल्याला त्याच्याकडून लागण होण्याची शक्यता कमी होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कोविडच्या लसींबाबत ठाम ‘हो’ आहे. दुसऱ्याचे ‘काही प्रमाणात, आणि काही महिनेच’ असे आहे. दारावरच्या अटीचा आधार मात्र दुसराच प्रश्न असतो. ‘लस जीव वाचवते’ हे खरे वाक्य दाराच्या अटीसाठी पुरावा म्हणून पुढे केले की समोरच्याला फसवल्यासारखे वाटते. आणि ‘लस घेऊनही लागण होते’ हे खरे वाक्य लसच निरुपयोगी ठरवायला वापरले की माणसे मरतात.

हे उत्तर रोगागणिक बदलते. गोवराच्या लसीच्या दोन मात्रा सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात, तेही वर्षानुवर्षे, आणि ते लागण होण्यापासूनच असते. तिथे लसीची अट शेजाऱ्यालाही खरोखर वाचवते. हज यात्रेचे उदाहरण घ्या. २००० आणि २००१ मध्ये यात्रेकरूंमध्ये डब्ल्यू-१३५ प्रकारच्या मेनिन्गोकॉकस जिवाणूमुळे मेंदूज्वराच्या साथी आल्या. त्यानंतर सौदी अरेबियाने चार प्रकारांवर चालणारी लस यात्रेकरूंना बंधनकारक केली. पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी ती घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र व्हिसासोबतच तपासले जाते. लाखो लोकांना लागू असलेली ही अट फारसा गाजावाजा न होता पाळली जाते. ती महिनोनमहिने आधी माहीत असते, सगळ्यांना सारखी असते, आणि दारात कोणाला अडवून अपमान करण्याची वेळ येत नाही.

कोविडचे तसे झाले नाही. २०२१ च्या सुरुवातीला लसी लागणही बऱ्यापैकी रोखत होत्या. विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आल्यावर ते संरक्षण कमी झाले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आल्यावर दोन मात्रांचे लागणीपासूनचे संरक्षण काही महिन्यांतच फार खाली आले. गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्या मानाने चांगले टिकले. अनेक ठिकाणी दारावरचे नियम मात्र जुन्याच गृहीतकावर चालू राहिले. लोकांच्या रागाचा मोठा वाटा इथला आहे, आणि तो वाटा रास्त होता असे माझे मत आहे.

आता ‘आजारी पडलेले बहुतेक लस घेतलेलेच होते’ या नेहमी ऐकू येणाऱ्या मुद्द्याकडे येऊ. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन या गावी मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांनंतर मॅसॅच्युसेट्समधले ४६९ रुग्ण सापडले. त्यांतले ७४ टक्के पूर्ण लसवंत होते. हा आकडा जगभर फिरला. त्याचा अर्थ लावण्यासाठी साधे गणित करा. १,००० जणांच्या मेळाव्यात ९०० लसवंत आणि १०० लस न घेतलेले आहेत. लस न घेतलेल्यांपैकी २० टक्क्यांना लागण झाली, म्हणजे २० जण. लसीने धोका निम्मा केला असे धरले तर लसवंतांपैकी १० टक्के, म्हणजे ९० जण. एकूण ११० रुग्णांत ९० लसवंत, जवळजवळ ८२ टक्के, तरीही लसीने धोका निम्मा केलेला आहे. त्या ४६९ जणांपैकी ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि मृत्यू एकही झाला नाही, हा भाग फारसा फिरला नाही. समितीत हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. नुसते ‘तुमचे चुकते आहे’ म्हणून कोणाचे मत बदलत नाही.

लसीच्या दुष्परिणामांची शंका काढणाऱ्याला ‘अफवा पसरवू नका’ असे उत्तर देणे चूक आहे. एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना) लसींनंतर, विशेषतः दुसऱ्या मात्रेनंतर, तरुण मुलग्यांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार क्वचित आढळले. अॅस्ट्राझेनेकाच्या आणि जॅन्सेनच्या (जॉन्सन अँड जॉन्सन) लसीनंतर रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट्स कमी होण्याचा दुर्मीळ पण गंभीर प्रकार आढळला, आणि २०२१ च्या वसंतात अनेक युरोपीय देशांनी अॅस्ट्राझेनेकाची लस तरुणांना देणे थांबवले. हे सगळे खरे आहे. वयस्कांच्या बाबतीत आजाराचा धोका याच्या कितीतरी पट मोठा होता, हेही खरे आहे. दोन्ही वाक्ये एका श्वासात बोलता येत नसतील, तर त्या माणसाने समितीतर्फे लोकांशी बोलू नये.

मग ३०० जणांच्या मेळाव्यात खरा धोका किती? समाजात दर १०० माणसांमागे १ जण संसर्गित असेल, तर ३०० जणांत निदान एक तरी संसर्गित असण्याची शक्यता ९५ टक्के. दर १,००० मागे १ असेल तर २६ टक्के. दर १०,००० मागे १ असेल तर ३ टक्के. ऐन साथीत दारावर काहीही केले तरी कोणीतरी आत येणारच, हे धरून चालावे. म्हणून माझा पहिला आग्रह दारापेक्षा हवेचा आहे. शिवाय हवा सुधारायला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही, कोणाचा हक्क जात नाही, आणि लसीच्या बाजूचे व विरोधातले दोघेही तीच हवा घेतात.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट काउंटीत गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर होते, त्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. त्या व्यक्तीसह एकूण ५३ जण कोविडने आजारी पडले (३३ निदान पक्के झालेले, २० संभाव्य) आणि २ जण दगावले. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटना हा आजार हवेतून पसरत नाही असे ठासून सांगत होती. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतल्या सूक्ष्म कणांकडे लक्ष वेधले. दरम्यान लोक दाराच्या कड्या पुसत राहिले आणि खिडक्या बंद राहिल्या. नियमांवरचा विश्वास उडण्यात या उशिराचा वाटा मोठा आहे, आणि ‘तेव्हा एक सांगितले, आता दुसरे’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करूनच पुढे बोलावे.

सभागृहाची हवा तपासण्याची रीत सोपी आहे. कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या (उच्छ्वासातला हा वायू जितका साचेल तितकी ताजी हवा कमी), पण इन्फ्रारेड पद्धतीने मोजणाराच. अगदी स्वस्त मीटर दुसरेच वायू ओळखून अंदाजाने आकडा दाखवतात. सॅनिटायझर शिंपडले तरी त्यांचा काटा उडतो. आधी मीटर उघड्यावर न्या, आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास आला पाहिजे. मग सभागृह भरलेले असताना, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दारापासून दूर आणि कोणाच्याही तोंडापासून दीड-दोन मीटर अंतरावर ठेवा. एकाच जागी मोजून थांबू नका. गॅलरीखालचा कोपरा आणि शेवटच्या रांगा यांत हवा साचते. मेळाव्याच्या दिवसाची वाट पाहायचीही गरज नाही, त्याआधी तिथे होणाऱ्या कुठल्याही भरगच्च कार्यक्रमात मोजता येते.

आकडा स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण तासाभराने, तो टिपा. त्यातून ४२० वजा करा आणि ५,००० ला त्या फरकाने भागा. उत्तर म्हणजे माणशी दर सेकंदाला मिळणारी ताजी हवा, लिटरमध्ये. आकडा ९२० असेल तर फरक ५००, म्हणजे माणशी १० लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सार्वजनिक जागांसाठी हेच किमान प्रमाण सुचवले. आकडा १,४२० असेल तर माणशी फक्त ५ लिटर. हे शांत बसलेल्या प्रौढांसाठी आहे. नाचणारी माणसे जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे तिथे हे भागाकार जसेच्या तसे लावू नयेत. आणि गाणे, घोषणा, मोठ्याने बोलणे असेल तर तोंडातून बाहेर पडणारे कण अनेक पटींनी वाढतात, म्हणून हवा किमानच्या वर ठेवावी.

समजा तुमचे सभागृह २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे, म्हणजे १,८०० घनमीटर. ३०० जणांना माणशी १० लिटर म्हणजे सेकंदाला ३,००० लिटर, तासाला १०,८०० घनमीटर. तासाला सहा वेळा सगळी हवा बदलली पाहिजे. मीटर १,४२० दाखवत असेल तर तासाला ५,४०० घनमीटरची तूट आहे. ती भरायचे तीन मार्ग आहेत: समोरासमोरच्या खिडक्या-दारे उघडून हवा आरपार वाहू देणे, माणसे १५० वर आणणे, किंवा हेपा फिल्टरचे (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) हवा शुद्ध करणारे यंत्र लावणे. तासाला ५०० घनमीटर शुद्ध हवा देणारी ११ यंत्रे लागतील. तिन्हींची सांगड घातली तर सगळ्यांत सोपे जाते.

इथे नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. भिंतीवरचे एसी बहुधा आतलीच हवा फिरवतात, ताजी हवा आणत नाहीत. थंडावा वाटतो आणि मीटर चढत राहतो. बाहेर हवा फेकणारा पंखा लावतात पण समोरची खिडकी बंद ठेवतात, मग हवा आत येणार कुठून? यंत्राच्या खोक्यावर लिहिलेली क्षमता सर्वांत वेगवान गतीची असते. भाषण सुरू झाले की आवाजाचा त्रास होतो, कोणीतरी गती कमी करते आणि क्षमता निम्म्यावर येते. म्हणून यंत्रे जास्त घ्या आणि मधल्या गतीवर चालवा. घरगुती पद्धतीने चार एमईआरव्ही-१३ (बारीक कण अडवण्याची एक प्रतवारी) फिल्टर चौकोनात जोडून वर पंखा बसवलेली पेटीही चांगले काम करते, फक्त फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला हवेत आणि सांधे चिकटपट्टीने पूर्ण बंद हवेत. अशी यंत्रे कार्बन डायऑक्साइड कमी करत नाहीत, तेव्हा ती लावल्यावरही मीटर तोच आकडा दाखवेल. तो पाहून ‘यंत्रे बिनकामाची’ असे कोणी म्हणू नये.

मधली सुट्टी उपयोगी आहे, पण माणसे बाहेर गेली तरच. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल तर रिकाम्या सभागृहातले कण १० मिनिटांत सुमारे ६३ टक्के कमी होतात, अर्ध्या तासात ९५ टक्के. तीनच वेळा बदलत असेल तर याला दुप्पट वेळ लागतो. मोकळ्या मैदानात धोका खूपच कमी असतो, मात्र तीन बाजूंनी कापड लावलेला मंडप हे मैदान नव्हे. जुलै २०२१ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरो फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि त्या दिवसाशी जोडलेली लागणीची हजारो प्रकरणे पुढे आली. मैदान उघडे होते, पण आतले बोळ, प्रवास आणि आसपासची खाण्यापिण्याची बंद ठिकाणे उघडी नव्हती.

मास्कबद्दल थोडक्यात: कापडी मास्कची सक्ती करून भांडण ओढवून घेऊ नका, त्यातून मिळते फार कमी. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचे, नाकावर तार दाबून बसवलेले मास्क दारात फुकट द्या. दाढीवर ते नीट बसत नाहीत, कडेने हवा येते. सगळे मिळून मास्क काढतात ती जेवणाची वेळ, म्हणून जेवण बाहेर ठेवा.

चाचणीची अट लसीच्या अटीपेक्षा कमी वादग्रस्त ठरते, कारण ती आजच्या दिवसाबद्दल विचारते. पण तिच्या मर्यादा कठोर आहेत. लक्षणे नसलेल्यांमध्ये रॅपिड टेस्ट साधारण निम्मेच संसर्गित पकडते. ३०० जणांत ३ संसर्गित असतील तर एक-दोन निसटणारच. उलट साथ ओसरल्यावर, दर १,००० मागे १ संसर्गित असताना, १,००० पैकी ३-४ निरोगी माणसांनाही पॉझिटिव्ह दाखवणारी टेस्ट ३०० जणांत खऱ्यापेक्षा खोटेच जास्त दाखवेल. म्हणून पॉझिटिव्ह आल्यास लगेच दुसऱ्या कंपनीच्या किटने पुन्हा चाचणी करायची सोय हवी, आणि तोवर त्या माणसाला बसायला खिडकी असलेली वेगळी खोली हवी.

चाचणी किती जुनी चालेल, यावर सगळे अवलंबून आहे. डिसेंबर २०२० मध्ये बार्सिलोनात एका बंदिस्त सभागृहात संगीत कार्यक्रमाची नियंत्रित चाचणी झाली. त्याच दिवशीची रॅपिड टेस्ट, एन-९५ मास्क आणि चांगली हवा असे तिन्ही असताना आत गेलेल्या साडेचारशेहून अधिक जणांत एकालाही लागण झाली नाही. बाहेर राहिलेल्या तेवढ्याच जणांत दोघांना झाली. मार्च २०२१ मध्ये त्याच शहरात ५,००० जणांचा कार्यक्रम अशाच पद्धतीने झाला आणि दोन आठवड्यांत ६ जण पॉझिटिव्ह सापडले. त्याउलट जुलै २०२१ मधला नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा महोत्सव पाहा. दोन दिवसांत सुमारे २०,००० लोक आले, नंतर सुमारे १,००० जणांना लागण झाल्याचे आढळले. महोत्सव मोकळ्या जागेत होता आणि प्रवेशासाठी लस किंवा चाचणीची अटही होती, पण ४० तासांपर्यंतची जुनी चाचणी चालत होती. ४० तासांत माणूस निगेटिव्हचा पूर्ण संसर्गजन्य होऊ शकतो. त्याच सुमारास तिथे जॅन्सेनची लस टोचून घेतल्या दिवशीच प्रवेशाचा पास मिळत होता, म्हणजे शरीरात संरक्षण तयार होण्याआधीच. नाइट क्लब २६ जूनला उघडले होते, १० जुलैला पुन्हा बंद करावे लागले, आणि पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी निर्णय चुकल्याबद्दल माफी मागितली. अट होती, कागदही होता, फक्त त्या कागदाला रोगाच्या वेळापत्रकाशी देणेघेणे नव्हते.

चाचणी दारात घेऊ नका. ३०० पैकी २०० जण शेवटच्या २० मिनिटांत येतात असे धरा, म्हणजे मिनिटाला १० जण. किटचा निकाल यायला १५ मिनिटे लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी १५० माणसे निकालाची वाट पाहत दाटीने उभी राहतील. जी गर्दी टाळायची तीच आपण तयार केली. किट दोन दिवस आधी घरी द्या, सकाळी करायला सांगा आणि निकालाच्या पट्टीचा तारीखवेळ असलेला फोटो दाखवायला सांगा. कोणी खोटे बोलेल का? एखादा बोलेलही. तो हिशेब हवेच्या नियोजनात आधीच धरलेला आहे.

कागद तपासायचाच असेल तर तपासणीला माणशी २० सेकंद लागतात, म्हणजे एका रांगेत मिनिटाला ३ जण. मिनिटाला १० जण येत असतील तर चार रांगा लागतात. दोनच ठेवल्या तर २० मिनिटांनी ८० जण बाहेर अडकलेले असतात, आणि अरुंद बोळात त्यांचीच चेंगराचेंगरी होण्याची भीती असते. रांग उघड्यावर ठेवा. वाद घालणाऱ्याला रांगेतून बाजूला घेऊन बोलायला एक शांत स्वभावाचा, निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस नेमा. तरुण स्वयंसेवकांवर ते ढकलू नका. प्रमाणपत्र पाहायचे, साठवायचे नाही. फोटो काढून व्हॉट्सअॅप गटात टाकणे तर कधीच नको, आरोग्याची माहिती ही त्या माणसाची खासगी बाब आहे.

म्हणून तुमच्या समितीला माझा सल्ला असा. कोविडसारख्या आजाराच्या साथीत मेळाव्याच्या प्रवेशाला लसीची अट ठेवू नका. हवा, त्याच दिवशीची चाचणी, चांगले मास्क आणि आजारी माणसाने घरी राहणे यांवर भर द्या. वृद्धांची, गरोदर स्त्रियांची किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांची काळजी घेणारे कर्मचारी यांना हे लागू नाही, तिथे गणित वेगळे आहे. लस घेण्याचे आवाहन मात्र मनापासून आणि वारंवार करा, कारण मेळाव्यात लागण झालीच तर दुसऱ्या आठवड्यात श्वास लागणार की नाही, हे त्यावरच ठरणार आहे. आजार गोवरासारखा आणि लस लागण रोखणारी असेल, तर सल्ला उलटा: अट ठेवा, दोन महिने आधी जाहीर करा.

तरीही समितीने लसीची अट ठेवायचे ठरवले, तर निदान चार गोष्टी लिहून द्या. किती जुनी मात्रा चालेल. शेवटच्या मात्रेनंतर किमान १४ दिवस झालेले असावेत. वैद्यकीय कारणाने लस न घेतलेल्यांनी काय करायचे. आणि अट कोणत्या तारखेला आपोआप संपेल. मुदत नसलेली सक्ती लोक कायमची सक्ती समजतात. इंग्लंडमध्ये १८५३ पासून देवीची लस बंधनकारक होती, न देणाऱ्या पालकांना दंड होत असे. विरोध वाढत गेला आणि १८८५ मध्ये लेस्टरमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. अखेर १८९८ च्या कायद्याने मनापासून विरोध असलेल्या पालकांना सूट दिली. पर्याय नसलेला नियम दंडाने टिकवावा लागतो, आणि मेळाव्याच्या समितीकडे दंड करण्याची ताकदही नसते, फक्त संबंध तुटतात. चाचणीचा पर्याय ठेवला तर बहुतेक भांडण तिथेच शमते.

पैसे परत करण्याचा नियमही आधीच लिहा. ताप आलेल्या माणसाचे तिकिटाचे पैसे बुडत असतील तर तो गोळी घेऊन येतो. शेवटच्या क्षणापर्यंत कारण न विचारता पूर्ण परतावा द्या. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा याने जास्त आजारी माणसे घरी थांबतात.

मेळाव्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी सगळ्यांना एक ओळीचा निरोप पाठवा: लक्षणे असतील तर कळवा. लागण झालेल्यांचा आकडा नावांशिवाय सगळ्यांना सांगा, शून्य असो की तीस. आकडा सांगताना ही कळवलेल्यांची संख्या आहे, खरी याहून जास्त असू शकते, हेही सांगा. लागणीचा माग काढण्यासाठी ठेवलेली, कोण कुठे बसले होते याची यादी २१ दिवसांनी नष्ट करा, आणि ती नष्ट केल्याचेही सगळ्यांना कळवा.